मदत हवी आहे : उभ्या स्कूटरच्या इंजिनातून येणारा खडखडाट

होटगी रोडकर :
नमस्कार. गेल्या दोन आठवड्यांपासून माझ्या स्कूटरच्या इंजिनातून खडखड आवाज येत आहे. गाडी उभी असताना तो स्पष्ट ऐकू येतो आणि वेग घेतला की नाहीसा होतो. एका मिस्त्रींनी इंजिन खोलावे लागेल असे सांगितले, तर दुसऱ्यांनी काही होत नाही म्हणून परत पाठवले. मुलीला पार्क चौकात क्लासला सोडून मला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वेळेवर पोहोचावे लागते. इंजिन खोलावे की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

निवृत्त फिटर :
एवढ्या माहितीवर इंजिन खोलण्याचा सल्ला देणे योग्य होणार नाही. गाडी कोणत्या वर्षाची आहे, किती किलोमीटर झाली आहे आणि तिच्यात हवा-पेट्रोल मिसळणारा जुना कार्बोरेटर आहे की पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्शन, हे आधी कळवा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि स्कूटर इंजेक्शनच्या झाल्या, त्यामुळे दोन्हींची तपासणी वेगळी असते. आवाज डावीकडच्या बेल्टच्या कव्हरमधून येतो की पुढे सिलिंडरच्या बाजूने? थंड इंजिनावर जास्त असतो की गरम झाल्यावर?

कुंभारीकर :
माझ्या गाडीचा असाच आवाज मी 20डब्ल्यू-50 ऑइल घालून बंद केला. सोलापूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, तेव्हा आपणही जाड ऑइल घालून पाहावे.

निवृत्त फिटर :
कुंभारीकर, आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु जाड ऑइलने आवाज दबतो, दोष तसाच राहतो. 110 सीसीच्या बहुतेक स्कूटरना कंपनीने 10डब्ल्यू-30 हे पातळ ऑइल सांगितलेले असते आणि ते आपल्याकडची उष्णता धरूनच सांगितलेले आहे. शिवाय स्कूटरचा बेल्ट आणि क्लच कोरडे चालतात. आवाज तिथला असेल तर इंजिन ऑइलचा त्याच्याशी संबंधच येत नाही.

जुळे सोलापूर :
मी गेल्या वर्षी विजेवर चालणारी स्कूटर घेतली. तिच्यात हे प्रश्नच उद्भवत नाहीत. जुन्या गाडीवर खर्च करण्याऐवजी आपण तिचा विचार करावा.

होटगी रोडकर :
नवी गाडी घेण्याचा प्रश्न मी विचारलेला नाही. गाडी 2017 ची, 110 सीसी, कार्बोरेटरची असून 38,000 किलोमीटर झाली आहे. आवाज डावीकडून, मागच्या चाकाजवळून येतो आणि इंजिन गरम झाल्यावर वाढतो. एक गोष्ट सांगायची राहिली. महिन्याभरापूर्वी सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी वारंवार बंद पडू लागली होती, म्हणून मिस्त्रींनी स्क्रू फिरवून रेस, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाची गती, वाढवून दिली. तेव्हापासून बंद पडत नाही, पण ब्रेक सोडला की गाडी आपोआप पुढे सरकते.

निवृत्त फिटर :
हीच माहिती हवी होती. माझ्या मते आपल्या गाडीत दोष एक आहे आणि आवाज त्यावर केलेल्या उपायाचा आहे. अशा स्कूटरचे इंजिन उभ्याने मिनिटाला साधारण 1,700 फेरे घेते. त्या गतीला क्लचचे शू, म्हणजे पकड घेणारे तुकडे, स्प्रिंगने आत ओढलेले असतात; फेरे वाढले की ते बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या बेलला, म्हणजे वाटीसारख्या भागाला, घट्ट धरतात आणि चाक फिरू लागते. रेस वाढवून ठेवली की हे शू धड आत राहत नाहीत आणि धड पकडही घेत नाहीत. ते बेलला घासत थरथरतात, तापतात, आणि तोच खडखडाट आपल्याला ऐकू येतो. वेग घेतल्यावर पकड पूर्ण होते, म्हणून आवाज थांबतो. सपाट रस्त्यावर गाडी आपोआप सरकणे ही त्याचीच खूण आहे.

तेव्हा इंजिन खोलू नका. इंजिन गरम असताना रेस मूळ जागी आणा आणि आवाज राहतो का ते पाहा. राहिलाच, तर डावे कव्हर काढून क्लच, बेल्ट आणि व्हेरिएटरचे (वेगानुसार गिअर बदलल्यासारखे काम करणाऱ्या भागाचे) रोलर तपासावेत. ते काम इंजिन खोलण्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. मात्र गाडी मुळात बंद का पडत होती, हे शोधल्याशिवाय थांबू नका. ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस लगेच खाली येते की रेंगाळते?

होटगी रोडकर :
रेंगाळते, आणि मध्येच वरखाली होते.

कुंभारीकर :
मग इथेनॉलमिश्रित पेट्रोलने कार्बोरेटरचे रबर खाल्ले आहे. चालू इंजिनवर त्या रबरावर थोडे पेट्रोल शिंपडा. रेस बदलली की चीर सापडलीच समजा.

निवृत्त फिटर :
कृपया असे मुळीच करू नका. गरम सायलेन्सर आणि प्लगची ठिणगी शेजारी असताना पेट्रोल शिंपडणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. इंजिन थंड असताना सुरू करून कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी जोडावर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारा. तेवढ्यानेही चीर असल्यास रेसमध्ये फरक पडतो. चिरेतून जास्तीची हवा आत जाते, हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि उभ्याने इंजिन दम धरत नाही. रबर इथेनॉलने गेले की आठ वर्षांच्या उष्णतेने, यावर नंतर बोलता येईल. रबर ठीक असेल, तर स्लो जेट (उभ्या गाडीला पेट्रोल पुरवणारे कार्बोरेटरमधले बारीक छिद्र) आणि एअर फिल्टर पाहा. एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या धुळीने फिल्टर लवकर भरतो.

होटगी रोडकर :
आज तपासले. फवारा मारताच रेस खाली आली. रबर काढून वाकवल्यावर खालच्या बाजूला चीर दिसली. नवे रबर बसवले आणि रेस कमी केली. गाडी आता सरकत नाही, खडखडाट गेला, आणि सात रस्त्याला दोन वेळा सिग्नल लागूनही ती बंद पडली नाही. मनःपूर्वक आभार. सकाळी थंड इंजिनावर पुढच्या बाजूने बारीक टकटक मात्र येते.

निवृत्त फिटर :
ती बहुधा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, असावी. पुढच्या सर्व्हिसिंगला इंजिन पूर्ण थंड असताना त्याची गॅप (मधली फट) तपासून घ्या. गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळी काम करायला सांगा. गरम इंजिनावर गॅप बरोबर मिळत नाही.