मोसंबी आणि विहिरीचा मोबदला

दादा, सरकार संपादित करतंय त्या जालन्याकडच्या तुमच्या रानाचा दर रेडीरेकनरवर (सरकारी जमीन-दरांच्या तक्त्यावर) काढला, मग मोसंबी नि विहिरीचं काय, असं विचारलंत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम २९ नुसार झाडांची किंमत कृषी-फलोत्पादन तज्ज्ञांकडून आणि विहिरीची अभियंत्याकडून वेगळी काढून घेता येते. ती जमिनीच्या रकमेत मिळवायची, आणि त्या सगळ्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढेच पैसे आणखी. म्हणून संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर स्वतः उभे राहा, झाड न् झाड, पाइपलाइनसुद्धा पंचनाम्यात लिहून घ्या. सातबाऱ्यावर बागेची नोंद आहे ना? आधी ते बघा.

पैसे उचलताना 'हरकत राखून' लिहाच. तसं न लिहिता रक्कम घेतली तर कलम ६४ खाली वाढीव मोबदला मागताच येत नाही. राष्ट्रीय महामार्गाचं संपादन असेल तर मात्र दाद लवादाकडे.