मुलांना विमानाची गोष्ट सांगताना १२ सेकंदांवरच का थांबायचं?

पतंगबाज:
मुलांच्या पुस्तकांत राइट बंधू ठरलेल्या साच्यात येतात. सायकलचं दुकान, १७ डिसेंबर १९०३, १२ सेकंदांचं पहिलं उड्डाण, ३६ मीटर, संपलं. माझ्या मते खरी गोष्ट १९०१ सालची आहे. त्यांच्या ग्लायडरला हिशेबाप्रमाणे मिळायला हवी तेवढी उचल मिळेना. तेव्हा सगळे जे आकडे वापरत होते, त्यांच्यावरच या दोघांनी शंका घेतली. आपल्या गावी, डेटनला, परतून सहा फुटी लाकडी पेटी बनवली, आत वारा सोडायला टोकाला पंखा बसवला आणि उचल मोजायला करवतीची पाती नि सायकलचे स्पोक वापरून केलेल्या काट्यावर सुमारे २०० छोटे पंख तपासले. मुलांना हे सांगा! विमान त्या पेटीतून निघालं.

वाचनमावशी:
अजिबात पटलं नाही. आठ वर्षांच्या मुलासमोर आधी पेटी ठेवलीत तर पुस्तक मिटलंच समजा. त्याला ते उडाले त्या किटी हॉकची वाळू, बोचरा वारा, खालच्या पंखावर पालथा पडलेला ऑरविल आणि बाजूने धावणारा विल्बर दिसू द्या. फोटो काढणाऱ्या जॉन डॅनियल्सने तोवर कॅमेरा हाताळलाही नव्हता, हे ऐकून मुलं हमखास पुढे सरकतात.

दूरदेशी:
दोघांनीही सांतोस-द्युमाँ गाळला. ब्राझीलमध्ये विमानाचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. २३ ऑक्टोबर १९०६ ला पॅरिसमध्ये, लोकांच्या गर्दीसमोर, स्वतःच्या चाकांवर धावत तो उडाला. राइटना रूळ लागायचा, १९०४ पासून तर ढकलायला खाली पडणारं वजनही.

पतंगबाज:
रूळ होता, मान्य. पण १९०३ ला वजन नव्हतं, समोरून जोराचा वारा होता. आणि द्युमाँ त्या दिवशी उडाला साधारण ६० मीटर. त्याच्या वर्षभर आधी, ५ ऑक्टोबर १९०५ ला, विल्बर कुरणावर घिरट्या घालत ३९ किलोमीटर उडाला होता. मुद्दा विमानावरच्या ताब्याचा आहे. जर्मनीचा ग्लायडरवाला लिलियेंथाल अंग झुकवून ग्लायडर वळवायचा. १८९६ मध्ये झोत आला, ग्लायडर कोसळलं आणि तो गेला. राइटनी वळायला, तोल सावरायला पंखांची टोकंच पिळायची सोय केली.

गिरगावकर:
आणि आपले शिवकर बापूजी तळपदे? १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं म्हणतात. मराठी पुस्तकात त्यांना जागा नको?

पतंगबाज:
त्यांच्या ध्यासाला जरूर जागा द्या. पण उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा नाही, आणि दावाही माणूस नसलेल्या यानाचा आहे. अमेरिकेत शास्त्रज्ञ लँगलीचं बिनमाणसाचं वाफेचं विमान १८९६ मध्ये सुमारे एक किलोमीटर उडालं, म्हणून त्याला कुणी पहिला वैमानिक म्हणत नाही. आपल्या मुलांना वेगळं माप लावायचं कारण नाही.

वाचनमावशी:
लँगलीचं नाव काढलंत ते बरं केलंत. त्याच्या माणूस बसवलेल्या विमानाला सरकारचे ५०,००० डॉलर आणि ५२ अश्वशक्तीचं इंजिन होतं. ८ डिसेंबर १९०३ ला ते दुसऱ्यांदा पोटोमॅक नदीत पडलं. नऊच दिवसांनी १२ अश्वशक्तीवाले राइट उडाले. एवढं सांगितलं की मुलंच विचारतील, असं कसं? तेव्हा काढा तुमची पेटी. त्याआधीचे १२ सेकंद मात्र मी गाळणार नाही.