तीन हजार मिमी पाऊस आणि एप्रिलात टँकर: बंधारा की टाकी?

वलाटीकर
रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल उजाडला की सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, वाड्यांना टँकर लागतो. उपाय काय, तर दिवाळीनंतर पऱ्ह्यावर (ओढ्यावर) सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचे बंधारे. मला हे श्रमदान वाया वाटतं. पऱ्ह्या खाली, वाडी वर. अडवलेलं पाणी शेवटी बायकांनी डोक्यावरूनच चढवायचं. त्यापेक्षा घरटी १०,००० लिटरची टाकी द्या. पाच माणसं, माणशी रोज २० लिटर प्यायला-रांधायला, १०० दिवस: बरोबर तेवढंच. १०० चौरस मीटर कौलांवर १२५ मिमी पाऊस पडला की पाचवा हिस्सा वाया धरूनही टाकी भरते. जुलैत आपल्याकडे एवढा पाऊस एका दिवसातही पडतो.

व्हाळकाठ
वाया जातात ते चुकीचे घातलेले. रेती-गोटे उपसून कातळ लागेपर्यंत न जाता वाळूवरच गोण्या रचल्या की पाणी तळातून निघून जातं. गोणीत पऱ्ह्यातलीच वाळू भरली तर गोणीच पाझरते. माती भरा, पाऊणच भरा, तोंड शिवा, म्हणजे गोणी नीट बसते. दोन भिंती, सांधे विटांसारखे चुकवलेले, मध्ये तुडवलेली चिकणमाती. माथा मधोमध थोडा खाली ठेवा आणि पायथ्याला सपाट दगड लावा, नाहीतर पाणी काठ खाऊन बाजूने वाट काढतं. परतीच्या पावसाआधी घातलेला बंधारा वाहून जातो, आणि डिसेंबर उलटल्यावर अडवायला धारच उरत नाही.

आणि ते पाणी डोक्यावर न्यायचं नसतंच. काठची विहीर, वायंगणी (पावसाळ्यानंतरचं) भात, गुरं यांच्यासाठी असतं. टाकीवर गुरं पाजणार का?

कातळवाट
दोघंही पाणी आल्यानंतरचं बोलताय. ते येतं कुठून? सड्याचा जांभा सच्छिद्र. पाऊस त्यातून उतरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि उतारावर झरा होऊन फुटतो. म्हणून सड्यावरची विहीर लवकर आटते, उतारावरचा झरा टिकतो. जुन्या वाड्या झऱ्यापाशी बसल्या त्या याचमुळे. वरचा जांभा कापून नेलात की ना टाकी पुरेल ना बंधारा.

वलाटीकर
जांभ्याचे चिरे काढून बंद पडलेल्या खाणीत पाणी साठतंच की. तेही पुनर्भरणच.

कातळवाट
साठतंय याचा अर्थ बहुधा खाण चिकणमातीपर्यंत गेली. पाणी धरणारा जांभा चिरे होऊन भिंतीत गेला, उरलेलं डबकं उन्हात. ज्या खाणीत पाणी ठरत नाही, तीच मुरवायच्या कामाची.

दाभोळखाडी
गोण्या काय नि टाक्या काय, पोरखेळ आहे. कोयनेचं ६७.५ टीएमसी अवजल दरवर्षी वीज करून वाशिष्ठी नदीत सुटतं आणि खाडीतून समुद्राला मिळतं. ते उचला.

व्हाळकाठ
सड्यावर दीडशे मीटर चढवायचं विजेचं बिल कोण भरणार?

दाभोळखाडी
हिशेब करून बघा. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तरी हजार लिटरला पाऊण युनिटसुद्धा लागत नाही.

वलाटीकर
इथे दाभोळखाडी बरोबर आहेत, वीज हा अडसर नाही. अडसर पाइपाचा. देशावर गावठाण एकगठ्ठा असतं. इथे एका गावाच्या दहा-बारा वाड्या, एकेका वाडीत वीस घरं, मध्ये पऱ्ह्या नाहीतर डोंगर. कातळात चर मारणं महाग आणि पाइप उघडा टाकला तर वणव्यात वितळतो. राजापूर-देवगडपर्यंत न्यायचं तर वाटेत जयगड, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग अशा खाड्या.

टाकीची मात्र शिस्त हवी. पावसाने उघडीप दिल्यावर कौलांवर धूळ-पाला बसतो, त्यामुळे नंतरच्या सरीचे पहिले २०० लिटर सोडून द्या. तोंडाला जाळी, वर घट्ट झाकण. ऑगस्टअखेर धुऊन उत्तरा नक्षत्र संपायच्या आत भरून ठेवा. पुढच्या हत्तीच्या (हस्त नक्षत्राच्या) पावसाच्या भरवशावर राहू नका.

व्हाळकाठ
पाच माणसांचा हिशेब मार्चपुरता ठीक. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले की पाचाची पंधरा होतात. दहा माणसं पंधरा दिवस राहिली तरी ३,००० लिटर जास्तीचे.

वलाटीकर
मग टाकी १३,००० लिटरची धरू.

व्हाळकाठ
धरा. पण ते माणशी २० लिटरात भागवणारे नव्हेत.