वीस मिनिटांत आयक्यू? या शॉर्ट टेस्ट बंदच करा

केतकी_कोथरूड: लेक चौथीत, मराठी मीडियम. वाचताना अडखळते म्हणून शाळेतल्या समुपदेशक ताईंनी केबिट-२ ही छोटी आयक्यू टेस्ट घेतली, १०६ आला. मग डेक्कनला एका सेंटरमध्ये नेलं तर तिथे वासी-२ ही दुसरी छोटी टेस्ट आणि ९४! पोरगी तीच, मग मधले १२ गेले कुठे? सासूबाई म्हणतायत पैसे वर आलेत का. माझं तर स्पष्ट मत झालंय, या शॉर्ट टेस्ट बंदच करायला हव्यात, आकडा एकदा चिकटला की सुटत नाही.

ठोकळेबाज: बंद कशाला? दोन्हीत सरासरी १००, स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासूनचा नेहमीचा फरक) १५, म्हणजे ९४ पण नॉर्मल आणि १०६ पण नॉर्मलच. शिवाय दोन्ही टेस्ट वेगळं काम मागतात. केबिटच्या शाब्दिक भागात चित्राकडे बोट दाखवायचं किंवा कोड्याचं एका शब्दात उत्तर द्यायचं, झालं. वासीत शब्दाचा अर्थ सांगावा लागतो, मोघम बोललं की २ ऐवजी १ मिळतो, आणि चार सबटेस्टवाली (चार भागांची) घेतली असेल तर लाल-पांढरे ठोकळे चित्रासारखे जुळवायचे, समोर मॅडम स्टॉपवॉच घेऊन. लाजरं, हळू काम करणारं पोर तिथेच मार्क घालवतं.

पेठेतला_काका: आपल्या पुण्यातली ज्ञान प्रबोधिनी प्रशाला ही शाळा १९६९ पासून बुद्धिमत्ता चाचण्या घेऊनच मुलं घेते, ती पण बंद करायची का मग?

मास्तरीणबाई: काका, तिथे वीस मिनिटांत उरकत नाहीत हो. ठोकळेबाज, तुमचं पटत नाही. केबिट-२ आली २००४ ला, वासी-२ २०११ ला, दोन्हींचे नॉर्म्स (ज्यांच्याशी तुलना करतात ते मार्क) अमेरिकेतल्या लोकांवरचे, आणि आपण ती मोजपट्टी कोथरूडच्या मराठी मीडियमच्या पोरीला लावतोय! केतकी, शब्द कुठल्या भाषेत विचारले?

केतकी_कोथरूड: सेंटरमधल्या मॅडमनी जागेवरच मराठी करून विचारले.

मास्तरीणबाई: संपलं मग. भाषांतर केलं की शब्द सोपा होतो नाहीतर अवघड, त्यावर अमेरिकन नॉर्म्स कसे लावणार? आपल्याकडे कामतांची बिने बुद्धिमत्ता टेस्ट आहे, मालिन यांनी नागपुरात वेक्स्लर या अमेरिकन टेस्टवरून केलेली १९६९ ची आहे, पण त्यांचेही नॉर्म्स आता म्हातारे झालेत, नवीन करायला कुणाला वेळ नाही.

ठोकळेबाज: हे मान्य, पण म्हणून ही पहिल्या तपासणीची चाळणीच फेकायची? एकेका पोराला तासदीड तासाची पूर्ण टेस्ट द्यायची तर शाळेत एकच समुपदेशक, वर्गात साठ पोरं, कधी व्हायचं? केतकी, रिपोर्टमध्ये आकृत्यांचा स्कोअर वेगळा दिलेला असतो तो बघा, त्यात भाषेची भानगड कमी.

केतकी_कोथरूड: बघितला, आकृत्यांत दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहेत, घोळ सगळा शब्दांत. तरी माझं मत तेच, असा अर्धवट आकडा पालकांच्या हातात देऊच नये.

मास्तरीणबाई: आणि मूळ तक्रार वाचनाची होती ना? ते कोण तपासणार? एलडीचं (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातली अडचण) सर्टिफिकेट लागलं तर पूर्ण आयक्यू आणि वाचन-लेखनाची वेगळी तपासणी लागते, तिथे या दोन्ही कागदांवर भागत नाही.

पेठेतला_काका: म्हणजे सासूबाई बरोबर.