राणीचा अधिकार आणि राणीवरचा ठपका

शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर रायगडावर १६८० मध्ये गादीसाठी झालेल्या राजकारणाचे सारे खापर त्यांच्या पट्टराणी, राजारामांच्या आई सोयराबाईंवर फोडले जाते; ते मत मला अन्यायाचे वाटते. राजारामांना गादीवर बसविण्यात अण्णाजी दत्तो, मोरोपंत पिंगळे यांच्यासारखे प्रधान पुढे होते. आणि खुद्द सोयराबाईंचे बंधू, सरनौबत (सरसेनापती) हंबीरराव मोहिते, यांनीच त्या प्रधानांना कैद करून संभाजीराजांच्या हवाली केले, तेव्हा पट्टराणीच्या शब्दाला फौजेत किती वजन होते ते उघड झाले. दोष मात्र आजही बाईंच्याच पदरी!

याउलट आमच्या बेळगावकडच्या कित्तूरच्या चन्नम्मांनी पती मल्लसर्ज आणि त्यांच्यामागून गादीवर आलेला मुलगा शिवलिंगरुद्रसर्ज यांच्या पश्चात कारभार खरोखरच हाती घेतला. १८२४ मध्ये त्यांच्या फौजेशी लढताना धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, ती जबाबदारी निर्विवाद त्यांची होती, आणि तिची किंमत त्यांनी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत मोजली.