कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी गावाच्या मंडळाने वेगळा शिक्षणनिधी ठेवावा का?

मूळ लेखक, राजापूर :
कोकणातल्या अनेक गावांची मुंबईत मंडळे आहेत आणि दहावी-बारावीच्या गुणवंतांना बक्षिसे देणे हे त्यांचे ठरलेले काम आहे. माझे म्हणणे असे की, त्या रकमेतला काही भाग ऐन शाळकरी वयात कर्करोगाचे उपचार घेऊन परतलेल्या मुलांसाठी राखून ठेवावा आणि तो देताना गुणांची अट घालू नये. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार असले की आई मुलासोबत मुंबईत अडकते आणि वडिलांचे रोजगार बुडतात. उपचारांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. मात्र घरी आलेल्या मुलाने पुन्हा नववीत बसावे की १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यावी, हे सांगणारेही कोणी नसते.

देवगडकर :
हेतूबद्दल वाद नाही, निकषाबद्दल आहे. आजाराचे नाव पाहून मदत द्यायची, तर डायलिसिसवर असलेल्या मुलाने, किंवा जिचे वडील होडीसह समुद्रात गेले त्या मुलीने कोणाकडे पाहायचे? वर्गणी सर्वांची आहे, तेव्हा घरची परिस्थिती हाच निकष असावा. शिवाय गणपतीत व्यासपीठावर फोटो काढून पाकीट देण्याची आपली हौस पाहता, मुलीचे लग्न ठरवताना हाच आजार उकरून काढला जाईल.

मूळ लेखक :
फोटोबद्दलचा आक्षेप मान्य आहे. रक्कम थेट खात्यात जावी आणि नाव समितीबाहेर जाऊ नये. परंतु उत्पन्नाच्या दाखल्यात या मुलांची अडचण दिसत नाही. डोक्याला किरणोपचार झालेल्या मुलाची एकाग्रता आणि स्मरणशक्ती कमी होऊ शकते, सिस्प्लॅटिन या कर्करोगावरील औषधामुळे ऐकू कमी येऊ शकते, आणि गुडघ्याजवळचे हाड काढावे लागलेल्या मुलीला वाडीवरून घाटी उतरून शाळा गाठणे अवघड होते. यातले काही परिणाम उपचार संपल्यानंतर काही वर्षांनी जाणवतात. तोवर शाळेने मुलाला आळशी ठरवलेले असते.

निवृत्त मुख्याध्यापिका, गुहागर :
आपण दोघेही पैशाभोवतीच फिरत आहात. दहावीच्या निकालात कोकण विभागीय परीक्षा मंडळ राज्यात पहिले येते याचा आपल्याला अभिमान आहे, आणि त्याच टक्केवारीच्या धाकाने मागे पडलेल्या मुलाला बाहेरून बसण्याचा सल्ला दिला जातो, हे मी सेवेत असताना पाहिले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत कर्करोग नाही. त्याच्यामुळे आलेले बहिरेपण किंवा पायाचे अधूपण ४० टक्के भरले, तरच उच्च शिक्षणातल्या आरक्षणाचा विचार होतो. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या खेपा घालणारा आणि वर्षभर घरी येऊन गणित शिकवणारा माणूस मंडळाने द्यावा. रोख रक्कम बहुधा उपचारांचे कर्ज फेडण्यातच जाईल.

देवगडकर :
कर्ज फिटले तर त्यात वाईट काय आहे? घर सावरले तरच मूल शिकेल. घरी येणारा शिक्षक मला पटतो, पण तो वाडीतल्या मागे पडलेल्या प्रत्येक मुलासाठी असावा.

चिपळूणची विद्यार्थिनी :
मी नववीत असताना उपचार घेतले. केवळ या आजारासाठीचा अर्ज मी भरला नसता, म्हणून सर्वांसाठीची शिकवणी मला अधिक सोयीची वाटते. मात्र निधी कोणताही असो, तो दहावीला संपवू नये. मला आजही तपासणीसाठी मुंबईला जावे लागते, आणि गेल्या वर्षी ती तारीख महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीच आली होती.