पॅरिशच्या शाळेत मुलीला घालावं का? सल्ला हवा

निशिगंधा_७:
आम्ही माहीमला राहतो. लेक पुढच्या वर्षी ज्युनिअर केजीत जाईल. जवळच पॅरिशची, म्हणजे इथल्या चर्चची शाळा आहे, एसएससी, फी झेपणारी. सासूबाईंना धास्ती की पोरीला येशूची प्रार्थना म्हणायला लावतील. मला काळजी मराठीची. या शाळा मुळात कशासाठी निघाल्या, संस्कार कसे असतात? अनुभव असलेल्यांनीच लिहा. वशिल्याचे सल्ले नकोत.

गावठाणकर:
ताई, मी वांद्र्याचा ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मूळचा कॅथलिक. 'कॉन्व्हेंट' म्हणून लोक सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात. सिस्टरांच्या किंवा जेझुइट धर्मगुरूंच्या संघाची शाळा वेगळी, पॅरिशची वेगळी. पॅरिशच्या शाळेचा मॅनेजर सहसा त्याच चर्चचा फादर असतो, त्यामुळे वस्तीशी तिचं नातं जास्त घट्ट. आमच्याकडे दोन्ही आहेत. सेंट अँड्र्यूज चर्चची शाळा १७८० सालची. साष्टी, म्हणजे वांद्रे ज्यात येतं ते बेट, इंग्रजांच्या हातात येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. सेंट स्टॅनिस्लॉस जेझुइटांची, १८६३ची, आणि तिची सुरुवात अनाथ मुलांच्या आश्रमापासून. साहेबांच्या पोरांसाठी यातली एकही निघाली नाही. म्हणून मी आजही एवढंच बघतो, कोळीवाड्यातली, चाळीतली मुलं वर्गात दिसतात का? कच्च्या पोराला नववीत दाखला देऊन वाटेला लावतात का? शंभर टक्के निकालाच्या फ्लेक्सला भुलू नका.

सासूबाईंना सांगा, असेंब्लीत प्रार्थना असते, ती असणारच. पण कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, फक्त कॅथलिक मुलांना. बाकीच्यांना त्या तासाला मॉरल सायन्स. मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण लादता येत नाही, घटनेचं कलम २८(३) आहे.

खडू_फळा:
शिक्षिका होते, अशाच शाळेत. मॉरल सायन्सचा तास बाईंवर अवलंबून. कोणी पुस्तकातली गोष्ट वाचून मोकळी होते, कोणी मुलांना वृद्धाश्रमात घेऊन जाते. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, खाऊचे पैसे गरिबांसाठी डब्यात टाकायची पद्धत मात्र मनापासून पाळली जायची, बिगरख्रिस्ती मुलंही टाकायची.
आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांवर विसंबू नका. २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही. प्रवेशात पॅरिशच्या कॅथलिक मुलांना आधी जागा, हे गृहीत धरा. आणि अनुदान असलं तरी केजीची फी वेगळी विचारा.

टमटम:
आमच्या वेळी वर्गात मराठी बोललं की दंड व्हायचा. विचार करा.

गावठाणकर:
@टमटम, झालंय तसं बऱ्याच ठिकाणी, नाकारत नाही. घरी मराठी बोलणाऱ्या आमच्याच पोरांनाही तो दंड भरावा लागला. आता २०२०च्या कायद्यानं मराठी विषय सक्तीचा आहे, पण शिकवायला कोण आहे ते विचाराच.

निशिगंधा_७:
आभार दादा, बाई. नववीतल्या दाखल्यांचं कोणाला विचारू? ऑफिसात कोण सांगणार!

खडू_फळा:
ऑफिसात नकोच. शाळा सुटताना गेटवर दहावीच्या मुलांच्या आया भेटतील. दहा मिनिटं उभ्या राहा.